'चक दे! इंडिया' पाहून झाल्यावर: मुलींच्या हॉकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट टीव्हीवर लागला किंवा भारताच्या मुली एखादी मोठी स्पर्धा खेळल्या की पालक, क्रीडाशिक्षक आणि प्रेक्षक तेच प्रश्न पुन्हा पाठवतात. आधी चित्रपटाचे, मग खेळाचे, मग मुलीला मैदानावर कसं न्यायचं याचे आणि शेवटी अडनिडे, असा क्रम ठेवला आहे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. चित्रपटातली गोष्ट खरी आहे का?

गोष्ट रचलेली आहे, तिचं बीज खरं आहे. चित्रपट ऑगस्ट 2007 मध्ये आला. दिग्दर्शन शिमित अमीन यांचं, लेखन जयदीप साहनी यांचं. 2002 मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात इंग्लंडला 3-2 असं हरवून सुवर्णपदक जिंकलं होतं. निर्णायक गोल जादा वेळेत ममता खरबने केला. कर्णधार होती मणिपूरची सूरजलता देवी. या विजयाची देशात जेमतेम दखल घेतली गेली. त्या दुर्लक्षातूनच चित्रपट उभा राहिला. त्यातला विश्वचषक, पुरुष संघाविरुद्धचा सामना आणि सगळ्या खेळाडूंची नावं मात्र काल्पनिक आहेत.

2. चित्रपटातला प्रशिक्षक कबीर खान म्हणजे मीर रंजन नेगीच ना?

तंतोतंत नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून 1-7 असा हरला, तेव्हा नेगी गोलरक्षक होते. त्यांच्यावर फितुरीचे बिनबुडाचे आरोप झाले आणि वर्षानुवर्षं त्यांना ते सोसावे लागले. चित्रपटातला कबीर गोलरक्षक नाही. तो पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक चुकवतो. अपमानाचा धागा सारखा आहे. चित्रपटातल्या मुलींना हॉकीचे धडे नेगींनीच दिले.

याला जोडून एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच 1982 च्या, त्याच दिल्लीतल्या स्पर्धेत महिला हॉकीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होती पुण्यात जन्मलेली एलिझा नेल्सन. पुरुषांचे ते सात गोल आजही लोकांच्या तोंडी आहेत, पण एलिझाचं नाव पुण्यातसुद्धा किती जणांना सांगता येईल? मुलींच्या हॉकीचं दुखणं हेच आहे. संघ जिंकतो तेव्हाही कोणी बघत नसतं.

3. भारताच्या मुलींनी विश्वचषक खरंच जिंकलाय का?

नाही. सर्वोत्तम कामगिरी 1974 सालची, फ्रान्समधल्या पहिल्याच महिला विश्वचषकात चौथा क्रमांक. चित्रपटाच्या आदल्या वर्षी, 2006 मध्ये माद्रिदला, भारत अकरावा आला होता. 2018 मध्ये लंडनला उपांत्यपूर्व फेरीत आयर्लंडने शूटआउटमध्ये हरवलं.

ऑलिंपिकमध्ये 1980 साली चौथा क्रमांक, त्यानंतर थेट 2016 मध्ये रिओला पुनरागमन आणि तिथे शेवटचा, बारावा क्रमांक. टोकियोत 2 ऑगस्ट 2021 रोजी गुरजित कौरच्या पेनल्टी कॉर्नरवरच्या (बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी, गोलकडच्या रेषेवरून सुरू होणारी संधी) गोलने ऑस्ट्रेलियाला 1-0 असं हरवून संघ उपांत्य फेरीत गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात 0-2 वरून 3-2 अशी आघाडी घेऊन शेवटी ब्रिटनकडून 3-4 ने हार झाली. जानेवारी 2024 मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेत जपानकडून 0-1 ने हरल्यामुळे पॅरिस हुकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिहारमधल्या राजगीरला याच मुलींनी ऑलिंपिक रौप्यविजेत्या चीनला 1-0 ने हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला. पहिल्या बातमीवर भरभरून चर्चा झाली, दुसरी बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही.

4. कबीर खान "सत्तर मिनिटं" म्हणतो. सामना तर 60 मिनिटांचा असतो ना?

दोन्ही बरोबर. तेव्हा 35 मिनिटांची दोन सत्रं असत. आता 15 मिनिटांची चार सत्रं असतात. शिवाय पेनल्टी कॉर्नर दिला की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्यक्ष खेळ फारसा कमी झालेला नाही. शालेय आणि स्थानिक स्पर्धांत वेळ याहून कमी ठेवतात. तो त्या स्पर्धेच्या पत्रकात दिलेला असतो. संघ उतरवण्याआधी तो वाचा, कारण बदली खेळाडू कधी आणि किती फिरवायचे हे त्यावर ठरतं.

5. चित्रपटाच्या शेवटी पेनल्टी स्ट्रोक आहेत. आता तसे का दिसत नाहीत?

कारण बरोबरी फोडण्याची पद्धत बदलली. पेनल्टी स्ट्रोक गोलपासून 6.40 मीटरवरून मारतात आणि चेंडू मारला जाईपर्यंत गोलरक्षकाला पाय हलवता येत नाहीत. चित्रपटातली गोलरक्षक विद्या शर्मा शेवटी अडवते तो हाच. सामन्यात विशिष्ट चुकांसाठी तो आजही दिला जातो.

बरोबरी फोडण्यासाठी मात्र आता शूटआउट असतं. आक्रमक 23 मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते आणि तिला 8 सेकंद मिळतात. गोलरक्षक गोलरेषेवरून पुढे धावून येऊ शकते. चेंडू परत आला तर 8 सेकंद संपेपर्यंत पुन्हा मारता येतो. दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी ही संधी घेतात. गोलरक्षकाने जाणूनबुजून नियम मोडला तर पेनल्टी स्ट्रोक. नकळत चूक झाली तर प्रयत्न पुन्हा.

प्रयत्न पुन्हा देण्याचं आणखी एक कारण 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सगळ्यांना कळलं. उपांत्य सामन्यात गोलरक्षक सविताने ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रयत्न अडवला, पण घड्याळ सुरूच झालं नव्हतं म्हणून तो पुन्हा घ्यायला लावला आणि गोल झाला. भारत ते शूटआउट हरला, आंतरराष्ट्रीय महासंघाने नंतर माफी मागितली. मुलींनी पुढच्या सामन्यात न्यूझीलंडला शूटआउटमध्येच हरवून कांस्यपदक आणलं. स्थानिक स्पर्धेत शूटआउट असेल तर घड्याळवाला आणि पंच यांचा इशारा आधीच ठरवून घ्या.

6. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ आहे, तरी असं का?

हॉकीला तसा अधिकृत दर्जा नाही. केंद्र सरकारने कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही, असं 2012 मध्ये माहिती अधिकाराखालच्या उत्तरात स्पष्ट झालं. शाळेच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न घालणाऱ्यांनी उत्तर दुरुस्त करावं. पुरुषांची आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं पुरेशी आहेत. मानासाठी खोटं बिरुद लागत नाही.

7. हॉकी मागे पडली ती क्रिकेटमुळेच ना?

अर्धंच खरं. 1983 चा क्रिकेट विश्वचषक आणि त्याच सुमारास घरोघरी आलेला टीव्ही यांचा परिणाम झालाच. पण त्याआधी, 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. आपली मुलं गवतावर आणि मातीवर शिकत होती. टर्फवर चेंडू वेगाने आणि सरळ जातो, तिथे मनगटाच्या कसबाबरोबर दमही तितकाच लागतो. टर्फ महाग, त्याला सामन्याआधी हजारो लिटर पाणी द्यावं लागतं आणि सुमारे दहा वर्षांत तो बदलावा लागतो. त्यामुळे खेळ मोजक्या शहरांपुरता उरला.

मुलींच्या बाबतीत तर "मागे पडली" हा शब्दच चुकीचा आहे. ती कधी पुढे आणलीच गेली नव्हती. अलीकडे फरक पडतो आहे: 2018 पासून ओडिशा सरकार दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजक आहे आणि जानेवारी 2025 मध्ये रांचीला चार संघांची पहिली महिला हॉकी इंडिया लीग झाली.

8. चित्रपटात झारखंडच्या मुली बुजऱ्या आणि ईशान्येच्या मुली "पाहुण्या" दाखवल्या आहेत. हे आजही तसंच आहे?

ईशान्येच्या मुलींना आपल्याच देशात परकं समजणारा अधिकारी चित्रपटाने नेमका पकडला आहे. तो प्रसंग वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. झारखंडच्या मुलींचं चित्रण मात्र खटकतं. सिमडेगा, खुंटी आणि शेजारचा ओडिशातला सुंदरगढ हा भारतीय हॉकीचा गाभा आहे. तिथे गावागावांत बांबूच्या काठीने हॉकी खेळली जाते आणि बक्षीस म्हणून बोकड ठेवलेल्या स्पर्धा होतात. झारखंडच्या सुमराई टेटेने भारताचं नेतृत्व केलं, निक्की प्रधान दोन ऑलिंपिक खेळली, आणि 2024 मध्ये सिमडेग्याची सलीमा टेटे कर्णधार झाली. मिझोरामची लालरेमसियामी टोकियोत खेळली.

9. सामना बघायला बसतो, पण सारखी शिट्टी का वाजते तेच कळत नाही.

चार गोष्टी लक्षात ठेवल्या की निम्म्या शिट्ट्या कळतात.

पाय: गोलरक्षक सोडून कोणाच्याही पायाला किंवा अंगाला चेंडू लागून फायदा झाला की चूक. स्टिकची पाठ: स्टिकची एक बाजू सपाट आणि एक गोलसर असते, गोलसर बाजूने चेंडू खेळता येत नाही. आडोसा: चेंडू आणि प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये अंग घालून तिला अडवणं चालत नाही. धोका: कोणाच्या अंगावर चेंडू उडवला की शिट्टी.

ऑफसाइड नाही, नव्वदच्या दशकातच काढून टाकला. फ्री हिट मिळाली की तीच खेळाडू चेंडू ढकलून लगेच पळू शकते. हा नियम चित्रपटानंतर आला, म्हणून चित्रपटातला खेळ आजच्या मानाने संथ वाटतो. हिरवं कार्ड म्हणजे 2 मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान 5, लाल म्हणजे तिच्यापुरता सामना संपला.

एक सवय लावून घ्या: चेंडूऐवजी मधल्या फळीकडे बघा. भारताकडे चेंडू असताना मधल्या दोघी-तिघी कुठे सरकतात ते दिसायला लागलं की हा खेळ आवडायला लागतो.

10. पेनल्टी कॉर्नरला कधी चेंडू उंच गेला तरी गोल आणि कधी नाही. का?

पहिला फटका जोरात मारलेला 'हिट' असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना 460 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलच्या मागच्या लाकडी फळीपेक्षा, उंच नसावा. ड्रॅग फ्लिक हा हिट नाही. त्यात चेंडू स्टिकवर ओढत आणून भिरकावला जातो, म्हणून तो वरच्या कोपऱ्यातही चालतो. मात्र बचावपटूच्या अंगाच्या दिशेने धोकादायक गेला तर गोल नाकारला जातो. आणखी दोन अटी: फटक्याआधी चेंडू 'डी'च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर जायला हवा, आणि बचावाला गोलरक्षकासह पाचच जणी असतात, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे.

11. मुलीला कोणत्या वयात आणि कशी सुरुवात करावी?

आठ ते दहा वर्षं उत्तम. बारा-तेराव्या वर्षीही उशीर झालेला नसतो, धावण्याची सवय असेल तर नाहीच.

पहिला महिना स्पर्धेचा विचार करू नका. पकड: डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला, उजवा साधारण मध्यावर; स्टिक फिरवायची ती डाव्या हाताने, उजवा फक्त आधार. उभं राहणं: गुडघे वाकलेले, नजर वर. मग चेंडू थांबवणं, मग पुश (स्टिक न उगारता चेंडू ढकलणं), मग डावी-उजवीकडे चेंडू हलवणं. हिट सगळ्यात शेवटी. रोज 20 मिनिटं भिंतीवर पुश करून परत आलेला चेंडू थांबवला तर महिन्याभरात फरक दिसतो.

चुकतं ते बहुतेक दोन ठिकाणी. उजवा हात घट्ट आवळला की स्टिक फिरत नाही आणि उलट्या बाजूचा चेंडू निसटतो. कमरेतून वाकलं की पाठ दुखते आणि नजर खाली जाते, वाकायचं गुडघ्यातून. खरा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि टणक असतो. सुरुवात टेनिसच्या चेंडूने करा. खरा चेंडू हातात आला की नडगीचे पॅड आणि दातांचं गार्ड पहिल्या दिवसापासून, अपवाद नाही.

12. स्टिक कोणती घ्यावी?

मुलीला सरळ उभं करा, स्टिक शेजारी धरा. टोक कमरेच्या हाडापर्यंत यावं. साधारण चार फूट उंचीला 28 ते 30 इंच, पाच फुटाला 34 ते 35, साडेपाच फुटाला 36.5. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी घेऊ नका. लांब स्टिकने मूल सरळ उभं राहून खेळायला शिकतं आणि ती सवय जाता जात नाही.

नवख्या मुलीसाठी लाकडी किंवा कमी कार्बनची स्टिक. जास्त कार्बनची स्टिक कडक असते, चेंडू थांबवताना तो उडून जातो. नियमाने स्टिक 737 ग्रॅमपर्यंत चालते, पण मुलींना 500 ते 540 ग्रॅमची हलकी बरी. जालंधर आणि मेरठच्या स्टिक उत्तम असतात, परदेशी ब्रँडची गरज नाही. बूट टर्फचे, म्हणजे तळाला बारीक रबरी दाणे असलेले. फुटबॉलचे मोठे खिळे टर्फवर चालत नाहीत.

13. मुलगी डावखुरी आहे. डावी स्टिक कुठे मिळेल?

कुठेच नाही. नियमातच फक्त डावी बाजू सपाट असलेली स्टिक आहे, म्हणून सगळे एकाच पद्धतीने खेळतात. काळजीचं कारण नाही. स्टिक फिरवण्याचं काम डाव्या हाताचं असल्याने डावखुऱ्या मुली बऱ्याचदा चेंडू हलवायला लवकर शिकतात.

14. आमच्याकडे मुरमाचं मैदान आहे. त्यावर शिकून उपयोग आहे का?

आहे, त्याच्या मर्यादा ओळखून. मुरमावर चेंडू उसळतो, म्हणून मुली स्टिक उभी धरून तो अडवायला शिकतात. टर्फवर चेंडू जमिनीलगत येतो, तिथे स्टिक जवळजवळ आडवी ठेवून थांबवायचा असतो. उपाय: शाळेच्या गुळगुळीत फरशीवर किंवा बॅडमिंटनच्या कोर्टावर आठवड्यातून दोनदा फक्त थांबवण्याचा आणि पुशचा सराव. मैदानावर खडे वेचून 20 बाय 20 मीटरचा एक तुकडा पाणी मारून आणि रोलर फिरवून तयार ठेवा; पाच विरुद्ध पाच खेळायला तेवढा पुरतो. स्पर्धेआधी चार-पाच दिवस तरी टर्फवर सराव मिळवा. मुंबईत चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम, पिंपरीत नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद मैदान आणि पुण्यात बालेवाडी इथे टर्फ आहे. वेळ आधी पत्र देऊन मागावी लागते.

15. घरचे म्हणतात, मुलीने आखूड कपड्यांत उन्हातान्हात खेळायचं कशाला?

चित्रपटातली मुलींची भांडणं परक्यांपेक्षा घरच्यांशी जास्त आहेत, आणि ते खरं आहे. पण वाद घालण्यापेक्षा अडचण सोडवा. शॉर्ट्सखाली पूर्ण लांबीची टाइट्स घालता येतात. संघात सगळ्यांनी एकच रंग ठेवला की पंच हरकत घेत नाहीत, शिवाय टर्फवर घसरल्यावर कातडी सोलवटत नाही. सराव सकाळी साडेसहाला ठेवा. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली आणि स्वच्छतागृह आहे का हे आधी बघा. मुली खेळ सोडतात त्याचं न बोललं जाणारं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि शाळेला ते एका महिन्यात दुरुस्त करता येतं. आईला एक सामना बघायला बोलवा. मैदान, चेंडू, गोल, नियम सगळं मुलांच्या खेळासारखंच असतं हे तिला तिथे दिसेल.

16. महाराष्ट्रातून मुली खरंच वर जातात का? रस्ता कोणता?

जातात. सातारा जिल्ह्यातल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ भारताकडून खेळल्या आहेत. आणि चित्रपटातली प्रीती सबरवाल, म्हणजे कोल्हापूरची सागरिका घाटगे, शाळेत असताना हॉकी खेळलेली आहे.

रस्ता असा: शाळेचा संघ जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नोंदवायचा, मग जिल्हा, विभाग, राज्य. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात. नेहरू चषकात 17 वर्षांखालच्या मुलींचा गट वेगळा असतो. जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्या ही दुसरी वाट. तिसरी राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी, जिथे राहणं, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र मिळतं. प्रवेशाच्या चाचण्यांची सूचना दरवर्षी निघते.

सर्वाधिक मुली बाद होतात त्या कागदांवर. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांतल्या जन्मतारखेत एका दिवसाचाही फरक नको. तो आजच तपासा, दुरुस्तीला महिने लागतात.

17. दहावीचे गुण आणि नोकरी यांत काही फायदा?

दोन्हींत आहे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो आणि शाळाच तो विसरते, म्हणून पालकांनी पाठपुरावा करावा. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागते हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. प्रमाणपत्राची पडताळणी अर्ज करण्याआधीच करून घ्या. आणि एखाद्या खासगी संस्थेच्या "राष्ट्रीय" स्पर्धेचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. प्रवेशशुल्क भरण्याआधी ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का ते विचारा.

18. हे सगळं हॉकीपुरतंच का? खो-खो, कबड्डीचं काय?

दुर्लक्ष सारखं, उपाय वेगळे. कबड्डी 2014 पासून लीगमुळे टीव्हीवर आली. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला आणि भारताने दोन्ही गट जिंकले. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. मैदानाचा खर्च कमी असल्यामुळे हे खेळ खेड्यात टिकले. हॉकीला तशी सवलत नाही, म्हणून 14 व्या प्रश्नातले उपाय लागतात.

19. शाळेत किंवा गणेशोत्सवात 'चक दे!' दाखवला तर चालेल का?

दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून फक्त विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि पालक यांच्यासमोर दाखवायला स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे. मंडळाच्या मांडवात, सगळ्यांसाठी खुल्या कार्यक्रमात ती लागू नाही. तिथे हक्कधारकांकडून परवाना घ्यावा लागतो, तिकीट नसलं तरी.

चित्रपट अडीच तासांचा आहे. शाळेच्या दोन तासिकांत पूर्ण बसत नाही, म्हणून नावनोंदणीचा प्रसंग, पुरुष संघाविरुद्धचा सामना आणि अंतिम सामना एवढं निवडा. दाखवण्याआधी 4, 5 आणि 9 या प्रश्नांतले नियम मुलांना सांगा, नाहीतर ती जुन्या नियमांनीच खेळायला लागतात. आणि दुसऱ्याच दिवशी मैदानावर दहा स्टिक आणि टेनिसचे चेंडू तयार ठेवा. आठवडा गेला की उत्साह ओसरतो.